दोन आजोबा आणि दोन सूर्यफुलं

माझ्या मुलीचं नाव कोणी ठेवायचं, यावरून ती जन्माला यायच्या आधीच दोन आजोबांची जुंपली होती. माझे बाबा शिंपी, सासरे बस ड्रायव्हर. दोघंही निवृत्त, म्हणजे भांडायला अख्खा दिवस मोकळा. मला कोणी विचारेना. नवरा तटस्थ होता, म्हणजे घाबरत होता.

शेवटी वैतागून मीच तोडगा काढला. अंगणात कपडे वाळत घालायची तार आहे. तिच्याखाली दोघांनी एकेक सूर्यफूल लावायचं. ज्याचं आधी तारेला टेकेल, त्याने नाव ठेवायचं. बाळ घरी येईपर्यंत कोणाचंच टेकलं नाही, तर मी ठेवीन.

दोघं हसले. "अगं, ही जात माणसाच्या वर जाते," सासरे म्हणाले.

मी रोपवाटिकेत काम करते. मला झाडांचा स्वभाव ठाऊक होता आणि या दोघांचाही. बाबा रोज सकाळी टेप लावून झाडाचं माप घेत. शेंडा सरळ कर, पानं बाजूला सार, जणू गिऱ्हाईकच उभं आहे. सासरे ओल्या फडक्याने एकेक पान पुसत आणि निघताना खोडावर थोपटत, बसला थोपटायचे तसं. झाडाला सारखा हात लागला की ते इथिलीन नावाचा वायू सोडतं. वारा छळतोय असं धरून चालतं आणि उंच जायचं सोडून खोड जाड करत बसतं. हे मी बोलले नाही. उलट विचारलं, "बाबा, दिवसातून एकदाच मोजता?" आणि सासऱ्यांना म्हटलं, "अण्णा, पानांची खालची बाजू राहिली."

झाडं गुडघ्याएवढी झाली आणि तिथेच ठाण मांडून बसली.

मुलीला घेऊन मी घरी आले, तर दोघं तिच्याकडे न बघता तारेच्या टोकाला, गळक्या टाकीमागे उभे. तिथे सांडलेल्या बीचं एक झाड कोणाच्याही नकळत वाढून तारेच्या वर गेलं होतं. हे माझ्या हिशेबात नव्हतं.

"बी माझं," बाबा म्हणाले.

"पुडी मी आणली होती," सासरे म्हणाले.

"पण याचं कोणी काही केलं का?" मी विचारलं.

बाबा सावकाश म्हणाले, "याला कोणी मोजलं नाही. पुसलंही नाही." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुला ठाऊक होतं."

"होतं." मी इथिलीनचं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे लाड करून आम्हीच खुजं ठेवलं," सासरे म्हणाले.

"हो. आणि नाव मला ठेवायचं होतं. किती महिने मनात धरून बसलेय. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत." बोलता बोलता मला रडू फुटलं, आणि त्याचा रागही आला.

बाबांनी हातातली टेप गुंडाळून खिशात घातली. "सांग," ते म्हणाले.

मी नाव सांगितलं. इथे सांगत नाही, लोक सुधारणा सुचवतात. बाबांनीही लगेच तोंड उघडलं, "छान आहे, फक्त शेवटचं अक्षर जरा..."

"व्याही," सासरे म्हणाले, "त्याला हात लावू नका."