शिशाचं पोर

चर्च सुटलं तशी सगळी वस्ती गूरोच्या अंगणात लोटली. चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळत होतं. वरच्या खोऱ्यातला मांत्रिक हालवोर पाण्याच्या भांड्यापुढे बसून पुटपुटत होता. पाण्यात त्यानं आधीच दूध ओतलं होतं. स्वच्छ पाण्यात म्हणे डोंगराखाली राहणारी, पोरं पळवणारी अदृश्य माणसं तोंड दाखवत नाहीत.

त्यानं शिसं ओतलं. चर्रकन आवाज झाला, वाफ उसळली. हालवोरनं बाही सावरत पाण्यात हात घातला आणि एक आकृती वर काढली. मोठं डोकं, पाठीवर कुबड, फेंगडे पाय. गूरोच्या मांडीवरची दोन वर्षांची लिव अगदी तशीच दिसायची. बायकांनी तोंडावर हात ठेवले.

"हे तुझं लेकरू नाही, गूरो," हालवोर म्हणाला. "तुझं त्यांनी डोंगराखाली नेलं आणि आपलं इथे टाकलं. तीन गुरुवार हिला उकिरड्यावर घाल आणि फोकानं फोडून काढ. हिचं रडणं ऐकून हिची खरी आई धावत येईल आणि तुझं तुला परत देईल."

गूरोचा नवरा उत्तरेला मासेमारीवर गेला होता. ती लिवकडे बघत राहिली, मग तिनं होकारार्थी मान डोलावली.

गर्दीत आगोत उभी होती. ती राजधानीत शिकून आलेली सुईण. फेब्रुवारीत रागनाच्या घरून तिला बोलावणं आलं, तेव्हा रागनाचा तीन वर्षांचा आयविंड थंडगार पडला होता आणि त्याच्या पाठीवर फोकाचे वळ होते. हालवोर तेव्हा हातातली शिशाची आकृती दाखवत म्हणाला होता, "त्यांनी आपलं पोर परत नेलं. तुझं डोंगरात सुखात आहे." तेव्हापासून रागना दर गुरुवारी डोंगराच्या पायथ्याशी त्या पोरासाठी पेजेचा वाडगा ठेवून यायची.

आगोत पुढे झाली. "जरा बघू ती आकृती."

"सुईणबाई, तुम्ही बाळंतपणं बघा," हालवोर म्हणाला. दोघंतिघं हसले.

"फेब्रुवारीत रागनाच्या घरीही हीच निघाली होती. कुबडापाशी अशीच खाच होती."

हालवोरनं हातातली आकृती टाकून घाईनं भांडं उचलायला हात घातला. आगोतनं त्याआधीच ते लाथेनं उलटं केलं. दुधाळ पाणी दगडांवर पसरलं आणि त्यातून शिशाचा एक वेडावाकडा गोळा घरंगळत गेला. आगोतनं तो उचलून गूरोच्या हातात दिला. अजून कोमट होता.

"पळी एकच ओतली. मग तुकडे दोन कसे?"

एका म्हाताऱ्या कोळ्यानं हालवोरची बाही धरून झटकली. आतल्या खिशातून खळ्ळकन खाली पडलं ते सगळं दुकान: शिशाची गाय, शिशाची होडी, शिशाचं हृदय. ज्याचं जसं दुखणं, त्याला तसं शिसं.

"मी नुसतं सांगितलं," हालवोर म्हणाला. "मी कोणावर हात उचलला नाही. मारलं ते आईबापांनी."

ते खरंच होतं, म्हणून लोकांना जास्तच चीड आली. तिघांनी त्याला बखोटीला धरून अंमलदाराकडे नेलं.

मग रागना पुढे आली. "आगोतबाई, मग तो माझाच होता?"

आगोतला खोटं बोलता आलं असतं. "हो, रागना. तुझाच होता. हाडं मऊ पडायचा रोग होता त्याला, तसाच या लिवला आहे." मग ती गर्दीकडे वळली. "माशाच्या कलेजीचं तेल पाजायचं रोज चमचाभर, आणि पोराला उन्हात बसवायचं. ते तेल तुम्ही गोठ्यातल्या दिव्यात जाळता. घरात औषध असून पोरं मारलीत तुम्ही. एकानंही ते भांडं उलटं करून बघितलं नाही."

"तिसऱ्या गुरुवारी त्यानं मला 'आई' म्हणून हाक मारली होती," रागना म्हणाली. "हालवोर म्हणाला, ऐकू नकोस, ते ढोंग आहे."

गूरोनं लिवला छातीशी घट्ट धरलं.

आगोतनं खाली पडलेली शिशाची आकृती उचलली आणि चुलीत टाकली. "पोर आई म्हणून हाक मारतं," ती सगळ्यांना म्हणाली, "तेव्हा ते कोणाचं आहे हे विचारायला दुसऱ्या कोणाकडे जायचं नसतं."