कुंकू लागलेलं चाक

मित्रांनो, मी एक जुनी हर्डी-गर्डी आहे. नाव ऐकून हसलात ना? हसा, सगळेच हसतात. सारंगीसारखं वाद्य समजा, पण गजाच्या जागी माझ्या पोटात एक लाकडी चाक आहे. उजव्या हाताने दांडा फिरवला की चाकाची कड तारांना घासते आणि डाव्या हाताने पट्ट्या दाबल्या की सूर बदलतात. माझं वय अवघं आठ वर्षं. एवढ्यात कुणी जुनं होतं का, असं विचाराल. आठातली सहा वर्षं कपाटात काढली की होतं. ती का काढली, हे सांगताना मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा जन्म अमेरिकेतल्या बॉथेल नावाच्या गावी, एका गॅरेजात झाला. गुरुनाथ हा मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला माणूस. त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने, केयाने, एका जत्रेत कुणा बाईला हे वाद्य वाजवताना पाहिलं आणि "बाबा, आय वॉन्ट वन!" म्हणून हट्ट धरला. विकत आणायचं सोडून या गड्याने वाद्य बनवायचे आराखडे मागवले, गाडी बाहेर पावसात उभी केली आणि गॅरेजात करवत चालवायला घेतली. पहिली तीन चाकं वाकडी निघाली. चाक केसभर जरी वाकडं असलं तरी सूर हेलकावतो. चौथं जमलं, तेव्हा स्वारी मला उचलून थेट स्वयंपाकघरात घेऊन आली.

तारा चाकाला जिथे टेकतात तिथे त्यांच्यावर कापूस गुंडाळावा लागतो. गुरुनाथच्या बायकोने, शुभाने, देवाच्या वातींचा कापूस काढून दिला.

"हा चालेल का रे? इंडियन स्टोअरचा आहे."

"चालेल काय, धावेल!"

सुरुवातीला मी अशी किंचाळायचे की शेजारचं कुत्रं भुंकायला लागे. केयाला दोन्ही हातांचं काम एकदम जमेना. मग गुरुनाथ दांडा फिरवायचा आणि ती मांडीवर मला घेऊन पट्ट्या दाबायची. "बाबा, स्लो!" ती ओरडायची. "अगं, तूच पळतेयस!" तो म्हणायचा. माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच. दोन वर्षांत पोरगी एकटीने वाजवू लागली. तारांना पकड यावी म्हणून चाकाला राळ किती लावायची हे तिला नुसत्या आवाजावरून कळे. चाकाच्या कडेला बोट लावायचं नाही, तेलाचा थेंब लागला तरी तारा निसटतात, हा नियम तिला गुरुनाथनेच घालून दिला होता.

आणि मग तो दसरा आला. मराठी मंडळाचा कार्यक्रम शनिवारी एका शाळेच्या कॅफेटेरियात होता आणि केया पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवणार होती. त्या सकाळी घरी पूजा मांडली. लॅपटॉप, ड्रिल, करवत आणि मधोमध मी. गुरुनाथचे वडील नागपूरला लेथवर कामाला होते. खंडेनवमीला ते मशीनच्या चाकाला तेलात कालवलेलं कुंकू लावत. गुरुनाथचंही बोट सवयीने माझ्या चाकावर गेलं. मला झेंडूचं फूल मिळालं, उदबत्ती मिळाली आणि मी शेफारून गेले. पूजेनंतर केयाने मला एकदा फिरवून पाहिलं. तारा निसटताहेत, हे मला तेव्हाच जाणवलं होतं. पण पूजेच्या दिवशी बेसूर कसं व्हायचं? मी जोर लावून सूर धरून ठेवला. तेव्हाच मुकाट बसले असते, तर पुढचं सगळं टळलं असतं.

कॅफेटेरियात केयाने बटाटेवडा खाल्ला आणि मला घेऊन बसली. दोन ओळी नीट झाल्या. तोवर तेल सगळ्या कडेला पसरलं होतं. चाक फिरत होतं आणि सूर उमटत नव्हता. समोर शंभर माणसं होती. कुणीतरी हसलं.

गुरुनाथ तरातरा पुढे आला. "वडा खाऊन चाकाला हात लावलास ना? किती वेळा सांगितलं तुला!"

"आय वॉश्ड देम, बाबा," केया म्हणाली. मग तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "आय थिंक."

घरी येताच गुरुनाथने मला गॅरेजात नेलं आणि तारांवरचा कापूस सोडवला. कापूस लाल होता. त्याने तो चिमटीत धरून चोळला; बोटांना तेलकट कुंकू लागलं. मला वाटलं, आता हा आत जाईल आणि पोरीला सांगेल. त्याने कापूस कचऱ्यात टाकला, चाक पॉलिशपेपरने घासलं, नवा कापूस गुंडाळला. तासाभरात मी पुन्हा गात होते.

"झालं गं दुरुस्त. वाजव," तो केयाच्या दारात म्हणाला.

"नको. आय'ल रुइन इट अगेन."

शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते, मी पाहिलं. "बरं," एवढंच म्हणून त्याने मला कपाटात ठेवलं. त्याला लाज वाटली असेल. उद्या सांगू, परवा सांगू, असं म्हणत सहा वर्षं गेली.

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत केया कॉलेजातून घरी आली. "बाबा, माझी हर्डी-गर्डी कुठेय? मी ती वाजवायचे यावर रूममेटचा विश्वासच बसत नाहीये!" गुरुनाथने मला धूळ पुसून टेबलावर ठेवलं. केया आधी सिंककडे गेली. साबणाने हात धुतले, पुसले, बोटांचा वास घेतला आणि पुन्हा धुतले.

"एकदा धुतलेस ना?" गुरुनाथने विचारलं.

"हॅबिट, बाबा. कुठल्याही इन्स्ट्रुमेंटला हात लावायच्या आधी मी दोनदा धुते. त्या दसऱ्यापासून." ती हसून म्हणाली.

गुरुनाथ खुर्चीत बसला. "केया, हात तुझे नव्हते. तेलातलं कुंकू मीच लावलं होतं चाकाला. मला त्याच दिवशी कळलं होतं."

शुभाने हातातली परात ओट्यावर ठेवली.

"सिक्स इयर्स, बाबा?"

"हो."

"आय वॉज ट्वेल्व."

"हो गं. माझं चुकलं."

केयाने खुर्ची ओढली. मग तिने मला मांडीवर घेतलं, पण उजवा हात दांड्याकडे नेला नाही. "यू टर्न इट," ती म्हणाली. गुरुनाथने दांडा इतक्या घाईने फिरवला की सूर पहिल्या वाकड्या चाकासारखा हेलकावला. "बाबा, स्लो," केया म्हणाली आणि पट्ट्या दाबू लागली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य असेल तर त्याला कपाटात कोंडू नका. ते पुसा, वाजवा, त्याला तेलापासून जपा. तरीही तेल लागलंच, तर बोट कुणाचं होतं ते त्याच दिवशी सांगून टाका. माझं चाक तासाभरात स्वच्छ झालं होतं. केया मात्र अजूनही दोनदा हात धुते.