दीड मिनिटाची शिवी

अनुवादकाची खालची दाढ ठणकायला लागली तेव्हा त्याच्या हातात एक तमिळ चित्रपट होता आणि तो चार दिवसांत संपवून द्यायचा होता. त्यामुळे पहिले तीन दिवस त्यानं लवंगेवर काढले. चौथ्या दिवशी गाल असा काही सुजला की बायको म्हणाली, "आरशात बघ जरा. उजवीकडून तू दिसतोस, डावीकडून तुझे थोरले काका."

तो चित्रपटांची मराठी सबटायटलं लिहायचा. काम घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. बायको तमिळ घरातली, पण लहानपणापासून वसतिगृहात वाढलेली. तिचं तमिळ रागावण्यापुरतं आणि लाडात येण्यापुरतं. त्यानं स्वतः पंधरा वर्षांच्या संसारात भाषा बऱ्यापैकी गळी उतरवली होती, पण खेड्यातली बोली आली की गाडी अडायची. मग मागच्या खोलीत राहणाऱ्या सासूबाईंना हाक जायची. सासूबाई म्हणजे चालताबोलता शब्दकोश. फक्त या कोशाची बरीच पानं त्यांनी स्वतःच खळ लावून चिकटवून टाकली होती. पडद्यावर नायक-नायिका जवळ आले की त्या म्हणायच्या, "पुढं घ्या." कुणी शिवी हासडली की म्हणायच्या, "तसं काही म्हणाला नाही तो."

दातांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर होता. डॉक्टरीणबाई पन्नाशी उलटलेल्या, बुटक्या, चपळ, आणि एकदा बोलायला लागल्या की त्यांना थांबवणारं औषध अजून निघायचं होतं. खुर्ची मागं कलली तशी अनुवादकाची नजर छताकडं गेली. छताला एका तमिळ नायकाचं हे मोठं पोस्टर चिकटवलेलं. मिशा, गॉगल, मागं उधळलेली धूळ.

"चकित झालात?" डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत म्हणाल्या. "या खुर्चीत पडलेल्या माणसाला वरती बघण्यावाचून दुसरं असतं काय? मी तमिळ चित्रपटांची भक्त आहे. भाषेचं अक्षर कळत नाही, पण दर मंगळवारी दुपारचा खेळ चुकवत नाही. मंगळवारी मेलात तरी दुपारी येऊ नका. हं, आ करा."

त्यानं आ केला. भुलीची सुई गेली. तोंडाला निळा रबराचा पडदा लागला, आणि मदतनीस बाईंनी लाळ ओढणारी नळी गालात खोचली. मदतनीस बाई वयानं डॉक्टरीणबाईंपेक्षाही मोठ्या. त्यांनी आयुष्यात एकही तमिळ चित्रपट पाहिला नव्हता, पण सगळ्यांच्या गोष्टी त्यांना तोंडपाठ होत्या.

"तुम्हाला सांगते," ड्रिल सुरू करत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नायक पस्तीस गुंडांना लोळवतो, आपल्याला पटतं. माणूस हवेत सात पलट्या मारतो, तेही पटतं. पण तो शहरात येतो, गाडी लावतो आणि लगेच उतरतो? लगेच? मी रोज सकाळी या इमारतीला वीस मिनिटं प्रदक्षिणा घालते. पार्किंगवाला मला बघून हसतो, गाढव मेला. तिथं माझा त्या चित्रपटावरचा विश्वास उडाला. बरोबर की नाही?"

"आँ," अनुवादक म्हणाला.

"बघा, तुम्हालाही पटलं. आणि ते पस्तीस गुंड. एवढे ठोसे जबड्यावर बसतात, पण दात एकाचाही पडत नाही. नायकाचे तर शेवटपर्यंत बत्तीसच्या बत्तीस शाबूत. अहो, वास्तवात त्या मारामारीनंतर माझ्यासारखीला आठवडाभर चहा प्यायला वेळ मिळाला नसता."

मदतनीस बाईंनी मान डोलावली. नळी थोडी हलली.

"पण सगळ्यांत राग कशाचा येतो सांगू? त्या खालच्या ओळींचा. मागच्या वर्षी एक आला होता. नायकाची आत्या भर चौकात सावकाराला अडवते. पदर खोचते आणि दीड मिनिट, घड्याळ लावून दीड मिनिट, श्वास न घेता त्याला झोडपते. थिएटरातली तमिळ मंडळी खुर्चीवरून खाली पडायची बाकी होती. आणि आमच्यासाठी खाली काय आलं? 'तुझे वागणे मला आवडले नाही.'" ड्रिल थांबलं. "वागणे आवडले नाही! ही काय शाळेची नोटीस आहे? मी चार वेळा पाहिला तो चित्रपट. चारही वेळा मला तेवढंच कळलं. कुण्या गाढवानं लिहिलं होतं, देव जाणे!"

"आँ... आँऽ!" अनुवादक म्हणाला.

"दुखतंय? थांबा, अजून एक सुई देते."

ती ओळ त्याचीच होती. तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. आत्या सुरू झाली तशा सासूबाई भाजी निवडता निवडता ताठ झाल्या. दीड मिनिट संपलं तेव्हा त्या उठून उभ्या होत्या.

"आई, काय म्हणाली ती?" त्यानं विचारलं होतं.

"हे मी जावयाला सांगायचं?"

"शब्दाला शब्द नको. निदान मथितार्थ?"

सासूबाईंनी खूप विचार केला होता. "मथितार्थ म्हणजे... तिला त्याचं वागणं आवडलं नाही."

मुदत संध्याकाळची होती. त्यानं तेच टाइप करून दिलं.

त्या दिवशी घरी जाताना त्याचा अर्धा चेहरा बधिर होता आणि उरलेला अर्धा लाजलेला. डॉक्टरीणबाईंनी तीन खेपा सांगितल्या होत्या. दुसऱ्या खेपेला तोंडात काही जायच्या आत सांगून मोकळं व्हायचं, असं त्यानं ठरवलं. वाक्यही तयार केलं: 'डॉक्टर, ती सबटायटलं मी लिहितो, पण त्यामागं एक अडचण आहे.' जिना चढताना दोनदा म्हणूनही पाहिलं.

पण तो खुर्चीत टेकला तेव्हा डॉक्टरीणबाई आधीच रंगात आल्या होत्या. सकाळी लिफ्ट बंद पडली होती आणि त्या चौथ्या मजल्यावरच्या वकिलाबरोबर आत अडकल्या होत्या.

"चित्रपटात लिफ्ट अडकली की प्रेम जमतं," त्या सांगत होत्या. "मला त्यानं पंचवीस मिनिटं त्याच्या मूतखड्याची हकीकत ऐकवली."

अनुवादकानं बोलायला तोंड उघडलं.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून थोडं मोठं."

आणि सुई गेली.

पुढचा पाऊण तास त्यानं नायकाच्या मिशांकडं बघत काढला. खलनायकाच्या बंगल्याला दोन्ही बाजूंनी जिने असतात तर ते झाडतं कोण, नायक आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडतो तेव्हा त्या बाईचे गुडघे दुखत नसतील का, पालिकेतला कारकून ज्या चालीनं फाईल आणतो तीच चाल नायकाला दिली की लोक शिट्ट्या का मारतात, हे सगळं त्यानं ऐकून घेतलं. यातली निम्मी मतं त्याला मनापासून पटत होती. गुडघ्यांबद्दल तर त्याला स्वतःला काही सांगायचंही होतं. पण 'आँ'च्या पुढं जाण्याची सोय नव्हती.

शेवटी रबर निघालं. "ती थबतायतल..." त्यानं सुरुवात केली, आणि ओठ साथ देईनात. मदतनीस बाईंना वाटलं त्याला थुंकायचंय. त्यांनी भांडं पुढं केलं. तेव्हा त्यानं कागदी रुमाल ओढला, खिशातलं पेन काढलं आणि लिहिलं: 'ते गाढव मी.'

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून वाचलं. "कोणतं?" त्यांनी विचारलं. "सकाळपासून मी चौघांना म्हटलंय."

त्यानं खाली लिहिलं: 'वागणे आवडले नाही.'

मदतनीस बाईंनी हळूच ड्रिलचा दांडा डॉक्टरीणबाईंच्या हातातून काढून घेतला. पण डॉक्टरीणबाई रागावल्या नव्हत्या. त्यांचे डोळे लकाकत होते. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे! ती आत्या नेमकं काय म्हणाली ते!"

अनुवादकानं दीनवाणी मान हलवली. "नाही. थाथूबाई थांगत नाहीत."

घरी त्यानं हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा बायको हसून हसून ओट्याला टेकली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

"गाढव?" त्या म्हणाल्या. "माझ्या जावयाला?"

"अहो आई, थट्टेत."

"दाताची डॉक्टर आहे ना ती? मग दात बघावेत. जावई कुणाचा, गाढव कुणाचं, हे तिनं बघायचं कारण काय?"

तिसऱ्या खेपेला त्या न विचारता बरोबर निघाल्या. ठेवणीतली पर्स घेतली, केस चापून बसवले. अनुवादकानं जिन्यात दोनदा विनवलं, पण सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत दोन मजले चढल्या आणि बाहेरच्या बाकावर ताठ बसल्या. त्याला आत घेतलं गेलं. भूल, रबर, नळी, सगळं यथासांग झालं. मग दार उघडलं आणि सासूबाई आत आल्या.

"डॉक्टर," त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "माझा जावई सकाळी सहाला उठून कामाला बसतो. एकेका ओळीसाठी अर्धा अर्धा तास घालवतो. त्या माणसाला तुम्ही गाढव म्हणालात."

"मावशी, मला माहीत नव्हतं हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ती ओळ तुम्हीच सांगा, बरी होती का?"

"ओळीचं मला सांगू नका!" सासूबाईंचा आवाज चढला, आणि आवाजाबरोबर भाषाही बदलली. पहिली दोन वाक्यं मराठी, तिसरं अर्धंमुर्धं, चौथ्यापासून निव्वळ तमिळ. बांध फुटावा तशी. पर्स एका हातातून दुसऱ्या हातात जात होती. अनुवादक खुर्चीत खिळून ऐकत राहिला. पंधरा वर्षांत त्यानं सासूबाईंच्या तोंडून यातला एक शब्दही ऐकला नव्हता.

डॉक्टरीणबाई मात्र मान एका बाजूला कलती करून, डोळे मिटून ऐकत होत्या, एखादी जुनी चीज ऐकावी तशा. एकाएकी त्यांनी टाळी वाजवली.

"हाच! मावशी, आत्ता जो म्हणालात ना, हाच शब्द! आत्या दोनदा म्हणते. पहिल्यांदा पदर खोचताना आणि मग चौकात म्हैस येते तेव्हा!"

सासूबाई जागच्या जागी थबकल्या. आपण काय काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि सत्तरी ओलांडलेली ती बाई कानापर्यंत लाल झाली.

"आता सुटका नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि स्वतःचं चाकाचं स्टूल त्यांच्याकडं सरकवलं. "बसा. माझ्या कानात सांगा. मी डॉक्टर आहे, मला लाजू नका."

सासूबाईंनी जावयाकडं पाहिलं.

"त्यांना काही ऐकू येत नाही," डॉक्टरीणबाईंनी ठोकून दिलं. "भुलीचं औषध कानात उतरतं."

सासूबाई वाकल्या आणि कुजबुजल्या. डॉक्टरीणबाईंचे खांदे हलायला लागले. मग त्या एवढ्या हसल्या की त्यांना ड्रिलचा टेकू घ्यावा लागला. "म्हणजे सावकाराच्या आज्याला म्हशीनंसुद्धा... अगं बाई! मावशी, याला आमच्यात म्हणतात 'तुझं तळपट होवो.'"

"तेवढ्यानं भागणार नाही," सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या. अनुवादाचा प्रश्न निघाला की त्या गंभीर होत. "त्यात अजून पिढ्या आहेत. वरच्याही आणि खालच्याही."

"मग 'तुझा निर्वंश होवो'?"

"फार पुस्तकी झालं. आत्या चौथी नापास आहे."

इतका वेळ गप्प असलेल्या मदतनीस बाईंनी घसा साफ केला. "आमची आजी म्हणायची, 'मेल्या, तुझ्या दारात कुत्रंसुद्धा भुंकायला येणार नाही.'"

दोघी त्यांच्याकडं वळल्या. "वा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासूबाईंनी क्षणभर डोळे मिटून ते वाक्य तोलून पाहिलं आणि मान्यता दिली.

मग तिघींनी आत्याचं भाषण पहिल्यापासून घेतलं. मदतनीस बाई पुढच्या तारखांच्या कार्डांच्या पाठीवर उतरून घेत होत्या. एकेका शिवीवर चर्चा होत होती, दोन बाद होत होत्या, तिसरी ठरत होती. खाली अनुवादक तोंड उघडं टाकून पडला होता आणि त्याला एक फार चांगला शब्द सुचला होता.

"आँ!" तो म्हणाला. "आँऽ आँ!"

"थांबा हो, इथं काम चाललंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दाढेवर टोपी बसायला त्या दिवशी दोन तास लागले. बाहेर बाकावर दोन रुग्ण ताटकळले होते, पण तक्रार कुणीच केली नाही. दार उघडंच होतं आणि त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

जुन्या चित्रपटाची ओळ आता बदलणार नव्हती. पण घरातली रीत बदलली. अडलेल्या शब्दाला सासूबाई जावयासमोर अजूनही काही बोलायच्या नाहीत. त्या डॉक्टरीणबाईंना फोन लावत मागच्या खोलीत जायच्या, दार लावायच्या, आतून दोन बायकांच्या हसण्याचा आवाज यायचा आणि थोड्या वेळानं दाराखालून एक चिठ्ठी सरकायची. मंगळवारच्या खेळालाही आता डॉक्टरीणबाईंबरोबर सासूबाई जायला लागल्या. घरी आल्यावर सांगायच्या, "ती बाई चित्रपट बघत नाही हो, नायकाचे दात बघते."

अनुवादकानं आपली सबटायटलं थिएटरात कधीच पाहिली नव्हती. चूक दिसेल या धास्तीनं तो जायचाच नाही. पण दाढ दुखत असताना हातात होता तो चित्रपट लागला तेव्हा दोघींनी त्याला ओढूनच नेलं. त्याची तारीख डॉक्टरच्या चिठ्ठीवर पुढं ढकलून घेतली होती आणि त्यात एका सुनेचं मोठं भांडण होतं. तो दोघींच्या मध्ये अंग चोरून बसला. सून पडद्यावर आली, कमरेवर हात ठेवला आणि सुरू झाली. पुढच्या रांगेत एक लठ्ठ गृहस्थ होता. तमिळ मंडळी हसली तेव्हा तोही हसला. पाऊण सेकंद उशिरा, ओळ वाचून. मग त्याच्या शेजारची बाई हसली, मग अख्खी मधली रांग. सून दम घ्यायला थांबली, तेव्हा त्या गृहस्थानं शेवटची ओळ स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिली, चव घेतल्यासारखी.

अनुवादक एकदम पुढं सरकून बसला. "आई, ऐकलंत?" तो कुजबुजला.

"ऐकलं," सासूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "पण 'कार्टी' नको होतं तिथं. मी 'अवदसा' लिहून दिलं होतं."

"ओळ लांब होत होती."

"मग सुनेला हळू बोलायला सांगायचं."

"गप्प बसा हो दोघं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता सासू बोलणार आहे."