थांबल्यावर विचारा

कार्निव्हलच्या मंगळवारी रोपवे चालवणाऱ्या नीवेसबाईंनीच कीबोर्डवर बिअर शिंपडली होती. ला पाझमध्ये त्या दिवशी घर, गाडी, शिलाई मशीन, सगळ्यांना धरणीमातेच्या नावानं घोट मिळतो. रोपवेच्या नियंत्रण कक्षानंच काय पाप केलंय? पण बटणं चिकटली. आपत्कालीन थांब्याची दोन बटणं आपोआप दाबली गेली आणि भर वाऱ्यात माणसांनी भरलेले पाळणे दरीवर लोंबकळत राहिले.

आज इंजिनिअर आर्तेआगांनी नवी व्यवस्था बसवली आणि ते समोरच उभे राहिले. आता पाच बटणं एकदम दाबायची. मग पडद्यावर

      खरंच थांबवायचं आहे?

आणि मग पासवर्ड.

"आता ओता हवी तेवढी बिअर," ते हसले. "लाइन थांबणार नाही."

"तेच म्हणते मी. थांबणारच नाही. मी लाइन सुरू करत नाही."

"चूक तुमची आणि तोराही तुमचाच?"

"चूक माझी. पगार कापा. पण एखादीचा घेरदार पोयेरा-घागरा पाळण्याच्या दारात अडकला, ती फरफटत निघाली, की मी

      खरंच?

याला उत्तर देत बसू?"

खाली खोळंबलेल्या रांगेतल्या बाजारवाल्या बायका ओरडायला लागल्या होत्या.

"दुसरा माणूस बसवतो," इंजिनिअर म्हणाले.

"आधी तुम्ही बसा. पाळणे रिकामे फिरतील. एका हातात वॉकीटॉकी, तो सोडायचा नाही. खालून फलाटावरचा ग्वाल्बेर्तो 'थांब' म्हणाला की थांबवा."

इंजिनिअर खुर्चीत बसले, रिकामे पाळणे फिरू लागले. ग्वाल्बेर्तोनं बाई म्हणून बटाट्यांचं पोतं एका पाळण्याच्या दारात अडकवलं.

"थांब! थांब, साहेब!"

एका हाताची बोटं पाचही बटणांवर पोचेनात. इंजिनिअरनी वॉकीटॉकी हनुवटीखाली दाबला.

      खरंच थांबवायचं आहे?

"अहो, हो!" ते पडद्यावरच खेकसले. पासवर्ड चुकला.

"राहू द्या, साहेब," खालून आवाज आला. "बाई फाटली. बटाटे गोळा करतोय."

इंजिनिअरनी घाम पुसला. "आणि पुन्हा बिअर सांडली तर?"

"तर लाइन थांबेल. लोक मला शिव्या घालतील. जिवंत असतील म्हणून घालतील. प्रश्न विचारायचाय ना? थांबल्यावर विचारा. पुन्हा सुरू करताना लावा पाच बटणं, पासवर्ड, हवं तर आजीचं नाव. थांबवायला माझी दोन बटणं परत द्या."

"वरून मंजुरी लागेल."

"मागा मग."

त्यांनी फोन लावला. वरचे साहेब काय झालंय म्हणून विचारत होते. नीवेसबाई उठल्या आणि त्यांनी खिडकी सताड उघडली. सगळ्या रांगेचा आरडाओरडा आत शिरला.

"फोन जरा इकडे धरा," त्या म्हणाल्या. "त्यांनाही ऐकू द्या."