कठड्यांचा पलंग

मी एक जुना पलंग आहे. पण मित्रांनो, मला तुमच्या घरातल्या पलंगासारखा समजू नका. माझ्यावर उड्या मारता येत नाहीत, आणि माझ्यावर झोपायला कुणी हौसेनं येत नाही. मी लोखंडी आहे. पायांशी एक हँडल आहे, ते फिरवलं की झोपलेल्याचं डोकं वर येतं. खाली चार चाकं आहेत, त्यातलं एक जन्मापासून रुसलेलं. आणि दोन्ही बाजूंना कठडे आहेत. कठड्यांच्या बाबतीत मी जरा गर्विष्ठ आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. नळ्या कापल्या, वाकवल्या, वेल्डिंगवाल्यानं ठिणग्या उडवत मला चार पायांवर उभं केलं आणि अंगावर पांढरा रंग चढवला. रंग वाळल्यावर कारखान्याचा मालक स्वतः माझ्यावर आडवा झाला. त्यानं कठडा दोन्ही हातांनी गदागदा हलवला आणि म्हणाला, "वा! यातून कोण पडतोय आता!" ती माझी पहिली शाबासकी. माझी छाती अशी फुगली की काय सांगू!

पुढची बरीच वर्षं मी एका मोठ्या दवाखान्यात काढली. त्या वर्षांबद्दल बोलायला मला आवडत नाही. तिथे लोक यायचे आणि उठून जायचे. अपेंडिक्स काढलेला पोरगा चार दिवसांत टुणकन उतरून चपला शोधायला लागायचा. जाताना एकानंही मागं वळून पाहिलं नाही. उलट म्हणायचे, "सुटलो बाबा एकदाचा!" तुम्हीच सांगा, एखाद्याच्या तोंडावर असं बोलावं का?

मग बटणांवर हलणारे नवे पलंग आले आणि माझी रवानगी गच्चीवर झाली. कबुतरांनी माझी काय दशा केली, ते न सांगितलेलंच बरं. शेवटी दवाखान्याचं सामान भाड्यानं देणाऱ्या एका दुकानदारानं मला उचललं, घासूनपुसून रंगवलं, वर रेक्झिनची नवी गादी टाकली आणि लोकांच्या घरोघरी पाठवायला सुरुवात केली. तिथून माझं नशीब उघडलं.

घरात माझा थाट काही औरच असतो. मी आलो की सोफा बाहेर जातो. टीव्हीचं तोंड माझ्याकडे वळतं. तावातावानं भांडणारी माणसं माझ्याजवळ आली की आवाज खाली आणतात. आणि माझी खास गिऱ्हाइकं म्हणजे खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं. नव्वदीच्या पुढची असली तर उत्तमच. गुडघेवाले मला आवडत नाहीत. ते आठवडाभर कुरकुरतात आणि चालायला लागतात. खुबेवाल्यांचं तसं नसतं. त्यांना घरच्यांनी मनापासून जपलं की ती कायमची माझी होतात.

आता माझ्या सगळ्यात मानाच्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगतो. वय नव्व्याण्णव पूर्ण, धंद्यानं न्हावी. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत. सगळा जन्म त्यांनी खुर्चीच्या मागं उभं राहून काढला होता, खुर्चीत बसायचे ते दुसरे. सलून केव्हाच बंद झालं होतं, पण घरातल्यांचे केस अजून तेच कापायचे. घरात कोण, तर चिरंजीव आणि सूनबाई. हे चिरंजीव बहात्तर वर्षांचे! डोक्यावर केस मोजकेच, तरी दर महिन्याला वडिलांपुढं मान खाली घालून स्टुलावर बसायचे.

असेच एकदा बसले होते. कात्री चालवून झाली, आणि दोन्ही कल्ले सारखे झाले का ते बघायला बाबा एक पाऊल मागं सरकले. जन्माची सवय ती. मागं पायपुसणं दुमडलं होतं. बाबा एका कुशीवर आदळले आणि खुब्याचं हाड मोडलं. मी काही तिथे नव्हतो. पण चिरंजीव ही हकिकत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि शेवटी दर वेळी डोळे पुसायचे. "माझ्यासाठी पडले हो. चार केसांसाठी!"

या वयात कापाकापी कशाला, असं सगळे नातेवाईक म्हणत होते. हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना उडवून लावलं. ते म्हणाले, "वय बघून घाबरू नका. नुसते पडून राहिले तर फुप्फुसं भरतील, पाठीला जखमा होतील. मी हाड जोडतो, तुम्ही त्यांना उभं करा." त्यांनी लगेच ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच वॉकर धरून बाबांनी दोन पावलं टाकलीसुद्धा म्हणे. मग ते घरी आले, माझ्याकडे. दोन पावलांचं ऐकून मला वाटलं, हे गिऱ्हाईकही हातचं जाणार.

पहिल्याच सकाळी बाबांनी कठड्यावर थाप मारली. "अरे, हे काढ. संडासला जाऊन येतो."

"बाबा, भांडं आहे ना इथं," चिरंजीव म्हणाले.

"भांड्यावर तू बस. मला पाय आहेत."

त्याच दिवशी व्यायाम करून घेणारी बाई आली. सगळे तिला मॅडम म्हणत, मी मनातल्या मनात फिजिओबाई म्हणायचो. तिनं कठडा खाली घेतला, वॉकर पुढं ठेवला आणि म्हणाली, "चला आजोबा, उठायचं. दुखणार आहे. शिव्या दिल्यात तरी चालेल." बाबांनी अशी एक ठेवणीतली हासडली की सूनबाई आत पळाल्या. पण उठले! तोंड वेडंवाकडं झालं, तरी स्वतःच्या पायांवर उभे राहिले. आणि उभे राहिल्याबरोबर फिजिओबाईच्या मानेकडे बघून म्हणाले, "हे कुणी कापलेत गं? मागून तिरके आहेत."

ती खळखळून हसली. चिरंजीवांच्या कपाळाला मात्र घाम फुटला होता. आणि मी? माझ्या गादीवर बाबांच्या अंगाचा जो खड्डा पडला होता, तो हळूहळू भरून येत होता. मला भयंकर अपमान वाटला.

पण मित्रांनो, देव माझ्या बाजूचा निघाला. त्या संध्याकाळी सूनबाईंच्या लक्षात आलं की दोन महिन्यांनी बाबांना शंभर वर्षं पूर्ण होणार. केशकर्तनवाल्यांची संघटना सत्कार करणार होती, पेपरवाले येणार होते. त्या म्हणाल्या, "अहो, शंभरी तोंडावर आलीय. आत्ता पुन्हा पडले बिडले तर?"

"नको रे बाबा!" चिरंजीव म्हणाले. "नव्व्याण्णव वर्षं निभावली, आता दोन महिन्यांसाठी विषाची परीक्षा कशाला?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी फिजिओबाईला दारातच गाठलं. "मॅडम, शंभरी झाली की या. तोवर आराम करू दे."

"काका, तोवर यांच्या पायांत काही उरणार नाही. या वयात आठवडाभर पडून राहिलं तरी माणूस खचतं. आत्ता उभे राहिले तरच राहतील."

"आणि पडले तर? तुम्ही जबाबदारी घेता?"

"पडणारच नाहीत असं मी लिहून देणार नाही. पण काका—"

"झालं तर मग," चिरंजीव म्हणाले, आणि तिला चहा विचारला. तिनं घेतला नाही.

वॉकर कोपऱ्यात गेला. दोन दिवसांनी त्याच्यावर टॉवेल वाळायला लागले. त्याची अशी जिरलेली बघून मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

बाबा सहजासहजी गप्प बसणारे नव्हते. दुपारी दोघं जेवायला बसली की ते कठडा धरून हलवायचे. "चोर आहे का रे मी? तुरुंगातल्या कैद्यालासुद्धा फिरवून आणतात!" मी हललो नाही. एकदा त्यांनी चांगला पाय कठड्यावर टाकला, अर्धे बाहेर आले. चिरंजीव उष्ट्या हातानं धावत आले. त्यानंतर बाबांचा घोटा माझ्या नळीला बांधण्यात आला. जुन्या मऊ ओढणीनं हं, आणि टोचू नये म्हणून दुहेरी घडी घालून. बांधताना चिरंजीव रडत होते. "तुमच्याच भल्यासाठी करतोय ना बाबा."

बाबांनी गाठीकडे बघितलं. "गाठ तरी नीट मार. कसलंच काम धड येत नाही तुला."

आता तुम्हाला वाटेल, वाईट माणसं असतील. छे! इतकी प्रेमळ माणसं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाहीत. सूनबाई कोमट पाण्यानं अंग पुसायच्या, पावडर लावायच्या, चमच्यानं भरवायच्या. चिरंजीव पेपर वाचून दाखवायचे. शेजारीण म्हणायची, "नशीब काढलंत हो आजोबा, असा मुलगा मिळायला!" आणि या सगळ्या प्रेमात बाबा बारीक होत गेले. आधी भांडं होतं, मग डायपर आला. डायपर बांधला त्या दिवशी बाबांनी भिंतीकडे तोंड केलं ते संध्याकाळपर्यंत वळवलं नाही. टाच काळी पडली. पाठीला जखम झाली. मग हवेची गादी आली, ती दिवसभर घुं घुं करायची. बाबा कठडा हलवेनासे झाले. पुढं पुढं ओढणी बांधायचीही गरज पडेना. माझ्या गादीतला खड्डा आता पक्का झाला होता.

आणि शंभरीचा दिवस उजाडला! खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. फुगे होते, केक होता, संघटनेचे अध्यक्ष होते. अध्यक्ष मोठ्या आवाजात म्हणाले, "ज्यांनी आयुष्यभर उभं राहून सेवा केली..." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांना टेकवून बसवलं होतं, अंगात नवा कोट होता. कोटात तीन बाबा मावले असते. फिजिओबाईही फुलं घेऊन आली होती.

फोटोग्राफर म्हणाला, "तेवढा कठडा खाली घ्या. पिंजऱ्यासारखं येतंय."

इतक्या दिवसांत कठडा पुरता खाली गेलाच नव्हता, खिट्टी गंजून बसली होती. चिरंजीवांनी हातोडी आणून ती ठोकली तेव्हा कुठं तो खाली आला. फोटो निघाले. चिरंजीव आनंदानं नुसते फुलले होते. त्यांनी वॉकरवरचे टॉवेल काढले आणि तो पुढं आणून ठेवला. "बाबा, झाली शंभरी! आता तुम्ही मोकळे. चला, उभं राहून दाखवा सगळ्यांना!"

दोघांनी धरून बाबांचे पाय खाली सोडले. ते नुसते लोंबत राहिले. बाबांनी खाली फरशीकडे पाहिलं. मग त्यांचा हात बाजूला चाचपडायला लागला.

"कठडा कुठंय?"

"खाली घेतलाय बाबा. उठा ना."

"लाव रे. आधी कठडा लाव. पडेन मी!" बाबांनी चिरंजीवांचा शर्ट मुठीत धरला. "माझ्या राजा, लाव ना रे तो."

सगळे हसले. "शंभराव्या वर्षीही काय सावध आहेत बघा!" अध्यक्ष म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

फिजिओबाई हसली नाही. तिनं खाली बसून बाबांची पोटरी हातात घेतली, तर तिची बोटं पलीकडून एकमेकांना लागली. तिनं एकेक पाय उचलून वर ठेवला, बाबांना आडवं करताना कोटाखालची जखम तिच्या हाताला लागली, मग तिनं चादर ओढली.

"उद्यापासून सुरू करायचं ना मॅडम?" चिरंजीवांनी विचारलं.

"पाठ कधीपासून अशी आहे?" तिनं विचारलं. चिरंजीवांना ते ऐकू गेलं नाही, कारण केक कापायला त्यांना हाका मारत होते. तिनं फुलं टेबलावर ठेवली आणि ती गेली.

पुढच्याच आठवड्यात बाबांना कफ झाला. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तशीच फुप्फुसं भरली आणि बाबा गेले. शेवटच्या एक्स-रेत खुब्याचं हाड फार सुरेख जुळलेलं दिसत होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला चिरंजीव माझ्या कठड्यावर हात ठेवून सांगत होते, "पण एकदाही पडू दिलं नाही हो आम्ही त्यांना." ते खरंच होतं. इतकी शाबासकी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

दुकानदाराचा माणूस मला न्यायला आला, तेव्हा चिरंजीव म्हणाले, "राहू दे अजून थोडे दिवस. माझीही कंबर धरते हल्ली." तो गेल्यावर ते माझ्यावर आडवे झाले. हँडल फिरवून सूनबाईंनी त्यांचं डोकं वर केलं आणि मग कठडा वर ओढला. "असू दे हो. तुमचाही तोल जातोच की अधूनमधून." चिरंजीवांनी डोळे मिटून घेतले. अंग जरा जड आहे, पण गादीत खड्डा पडेल हळूहळू.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मी जुना झालोय, मला जपा. रंग उडाला तर उडू द्या, रुसक्या चाकाचंही राहू द्या. कठड्याच्या खिट्टीला मात्र आठवणीनं तेल घाला. वर जाताना ती कधीच अडत नाही. ती अडते खाली येताना, आणि तेव्हा तुमच्या घरात हातोडी कुठं ठेवलीय ते कुणाला आठवत नाही.