चादरीचं दुसरं टोक

दत्तक घेतलेली मुलगी लाँड्रीवालीच्या घरी आली तेव्हा सात वर्षांची होती, आणि नको इतकी शहाणी होती. ताटात पडेल ते मुकाट खायची, चपला भिंतीला चिकटवून ठेवायची आणि तहान लागली की दारात उभी राहून विचारायची, "पाणी पिऊ का?"

"राणी, घर तुझंच आहे," लाँड्रीवाली म्हणायची. मुलगी मान डोलवायची आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायची. नवरा-बायको तिला तळहाताच्या फोडासारखं जपत होती. पोरीने एकदा तरी न विचारता पाणी घ्यावं, एवढीच लाँड्रीवालीची आस होती.

घरात आत्याही होती. नवऱ्याची थोरली बहीण. इस्त्रीच्या खोलीत तिचं राज्य, आणि तोंडाचा पट्टा इस्त्रीपेक्षा गरम. दत्तक घ्यायच्या बेतात मोडता घालणारी तीच. मुलीला पहिल्यांदा पाहून म्हणाली, "ही तर दोरीवरचा चिमटा." तेव्हापासून आत्यापुरतं नाव पडलं चिमटी.

मोठ्या चादरीची घडी एकटीने नीट होत नाही. दोघींनी टोकं धरायची, ताणायची, मग चालत एकमेकींपाशी यायचं. आत्याने पोरीला लगेच हाताशी धरली.

"अगं चिमटे, टोक धर नीट. चादर आहे ती, उंदराची शेपटी नव्हे."

"धरलंय."

"धरलंय म्हणे. लोंबतंय बघ, तुझ्या नाकासारखं."

"माझं नाक लोंबत नाही. तूच सोडलंस टोक."

"मी घड्या घालायला लागले तेव्हा तू जन्मलीसुद्धा नव्हतीस."

"म्हणून तर हात थरथरतात तुझे."

बाहेर कपडे घेत बसलेल्या लाँड्रीवालीला हे ऐकून धस्स व्हायचं. चांगली शांत पोर, वन्सं तिला बिघडवणार.

एका दुपारी मुलीने इस्त्री पांढऱ्या चादरीवर तशीच ठेवून दिली. गिऱ्हाइकाची चादर, भलामोठा तपकिरी डाग पडला. "पुन्हा हात लावलास तर तुलाच घडी घालून कपाटात ठेवीन," आत्या कडाडली. मुलगी भोकाड पसरून रडली. या घरात ती प्रथमच रडत होती. लाँड्रीवाली धावत आत आली.

"वन्सं, आधीच पोर किती सोसून आलीय. तिला असं बोललेलं मला चालायचं नाही."

आजवर तिने आत्यापुढे ब्र काढला नव्हता. आता मात्र नवऱ्याच्या मागे लागून तिने आत्याची धाकट्या दिराकडे रवानगी केली. आत्याने वाद घातला नाही. बॅग उचलताना एवढंच म्हणाली, "बरं. जपा तुमची पाहुणी."

घर शांत झालं. मुलगी पुन्हा शहाणी झाली. चपला भिंतीला, मान खाली, "पाणी पिऊ का?"

एकदा लाँड्रीवाली इस्त्रीच्या खोलीत डोकावली तर चादरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं होतं. दुसरं ताणून धरत मुलगी गजाशी बोलत होती, "टोक धर नीट. उंदराची शेपटी नव्हे."

लाँड्रीवाली दारातच थबकली. इथे आत्याची पाण्याची बाटली असायची. काम करता करता पोर ती तोंडाला लावायची, कुणाला न विचारता. हे तिने कितीदा डोळ्यांनी पाहिलं होतं, पण ध्यानात आज आलं.

वन्संना परत आणायचं तिने ठरवलं. पण कोणत्या तोंडाने जायचं? आज जाऊ, उद्या जाऊ करत दिवस गेले, आणि एक दिवस दिराचाच फोन आला. आत्याला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

त्यांनी तिला घरी आणलं आणि इस्त्रीच्या खोलीतच तिची खाट टाकली. मुलगी खाटेसमोर येऊन उभी राहिली. गठ्ठ्यातली एक चादर ओढून तिने मुद्दाम वेडीवाकडी घडी घातली आणि आत्याकडे पाहत राहिली. आत्याचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. मुलीने घडी मोडली, आणखी वाईट घातली, पुन्हा पाहिलं. आत्याच्या डोळ्यांतलं पाणी उशीवर ओघळलं.

लाँड्रीवालीने पुढे होऊन चादरीचं दुसरं टोक उचललं.

"अगं चिमटे, टोक धर नीट," ती म्हणाली. रागवायची तिला सवयच नव्हती. आवाज मऊच निघाला.

मुलगी म्हणाली, "असं नाही. उंदराची शेपटी म्हणायची राहिली."

"उंदराची शेपटी नव्हे ती."

"आणि ताण ना. तुझ्याकडचं सैल पडलंय."

लाँड्रीवालीने ताणलं. दोघी चालत एकमेकींपाशी आल्या, टोकाला टोक लागलं. घडी चांगली जमली होती. मुलीने ती हातात घेतली, तिचा एक कोपरा मुद्दाम बाहेर ओढला, घडी आत्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि वाट पाहत उभी राहिली.