अमेरिकेच्या लक्ष्मीचं तेज

कुवेतमधल्या सालमियात, अरुणकुमारांच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारच्या सुट्टीच्या भर दुपारी पडदे ओढलेले होते आणि चाळीसेक शिकलेसवरलेले मराठी लोक गालिच्यावर मांडी ठोकून चमत्काराची वाट पाहत होते. बँकवाले होते, आयटीवाले होते. घरमालक अरुणकुमार तर हिशेबनिसांचे हिशेबनीस. चपलांबरोबर सगळ्यांनी अक्कलही दाराबाहेर काढून ठेवली होती.

"ही अमेरिकेची आद्य लक्ष्मी!" तेजोनाथ महाराजांनी एक पिवळट नोट उंच धरली. "अडीचशे वर्षांपूर्वीची! तिथे तेव्हा इंग्रजांचं राज्य. पण पाठीमागे बघा काय छापलंय? पान! पिंपळाचं पान! म्हणजे तिथे आधी कोण पोचलं होतं? आपण!"

"वा, वा!" अरुणकुमारांनी मान डोलावली.

दिवे मालवले. महाराजांनी हातातला जांभळा दिवा नोटेवर धरला मात्र, ती निळ्या-पांढऱ्या तेजाने झळाळून उठली. खोलीभर आश्चर्याचे उद्गार निघाले. ज्याच्या कपाळाला ही नोट लागेल, त्याचा अमेरिकेचा व्हिसा झालाच म्हणून समजा, असं महाराजांचं सांगणं होतं. ते स्वतः कुवेतला आले होते महिन्याभराच्या व्हिजिट व्हिसावर.

मागे बसलेल्या वासंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती इथल्या एका भारतीय शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, आणि इंग्रजी अमलातल्या अमेरिकेच्या जुन्या नोटा जमवायची. पोटाला चिमटा घेऊन इतक्या वर्षांत जेमतेम तीन जमल्या होत्या. पण आज ती आली होती धाकट्या भावासाठी. मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनीअर असलेला नीलेश पहिल्या रांगेत हात जोडून बसला होता. "एक पाय इथे, एक तिथे, अशाने लक्ष्मी येत नाही. आधी राजीनामा, मग व्हिसा," असा महाराजांनी त्याला आदेश दिला होता. राजीनाम्याचा मेल लिहून तयार होता, रविवारी कामाचा आठवडा सुरू झाला की जाणार होता. नोकरी गेली की राहण्याचा परवाना, तो इकामा गेला. आणि इकामा गेला की बायको, मुलगी, तिची शाळा, सगळं चंबूगबाळं आवरून विमानतळ. वासंतीने परोपरीने सांगून पाहिलं. "ताई, तुझा कशावरच विश्वास नाही," म्हणून त्याने फोन ठेवला होता.

ती उठली. "महाराज, माझ्याकडेही अशी एक नोट आहे. तिच्यावर धरा दिवा."

तिने पाकिटातून अलगद नोट काढली. दिवा पडला. नोट होती तशीच काळवंडलेली राहिली.

"निस्तेज!" महाराज गरजले. "लक्ष्मी रुसली ताईंवर!"

सगळे हसले. नीलेशने मान खाली घातली. भावाला आपली लाज वाटली, हे वासंतीला फार लागलं.

"आता स्वतःवर धरा," असं म्हणत तिने दिवा सरळ त्यांच्या हातातून काढूनच घेतला. महाराजांचं पांढरं उपरणं नोटेपेक्षा लख्ख उजळलं. मग नीलेशचा शर्ट उजळला. मग अरुणकुमारांच्या प्रिंटरमधला कोरा कागद.

"काका, तुमच्याकडे तर लक्ष्मीचे गठ्ठेच्या गठ्ठे पडलेत!" वासंती म्हणाली. "अहो, हल्लीच्या कागदात आणि कपड्याच्या साबणात पांढरेपणासाठी एक रसायन घालतात. ते या दिव्याखाली चमकतं. तेव्हाचा कागद चिंध्यांचा, त्यात ते असणार कुठून? यांची नोट आजच्या कागदाची आहे, वरून पिवळा रंग देऊन म्हातारी केलेली. अस्मिता, मनी एक्स्चेंजच्या काउंटरवर तुझ्यापुढे हाच दिवा असतो ना? दिनारची नोट अशी सबंध उजळली तर काय करतेस?"

नीलेशच्या बायकोचे जोडलेले हात सुटले. "बाजूला काढते, ताई. खऱ्या नोटेत नुसत्या खुणा चमकतात. सगळा कागद चमकला तर ती खोटी." तिचा आवाज रडवेला झाला. "रोज बघते मी हे. आणि इथे येऊन हात जोडले!"

"श्रद्धेला यंत्र लावू नका!" महाराज ओरडले. "हे पवित्र पान—"

"पान खोट्या नोटा पकडायलाच छापत. खऱ्या पानाच्या शिरा कुणाला हुबेहूब कोरता येत नाहीत म्हणून. आणि खाली इंग्रजीत काय आहे? 'नकली नोट करणाऱ्याला मृत्युदंड.' तुमच्या छापखान्याने तेवढंही इमानाने उतरवून घेतलंय!"

"वासंती, माझ्या घरी पाहुण्याचा अपमान नको," अरुणकुमार पुटपुटले.

"पाहुणा महिना संपला की जाईल, काका. याच्या शब्दावर नीलेशचं घर उठलं असतं, ते कोण परत मांडणार होतं?" ती खोलीकडे वळली. "तुम्ही इथवर आलात ते स्वतःच्या हुशारीवर. कामावर दिवसभर कागद तपासता, सही तपासता, मग इथेच डोळे का मिटता? चमत्कार दिसला तर हात जोडू नका, तपासा. आणि जो तपासू देत नाही, त्याला घरात ठेवू नका!"

नीलेशने फोन काढला, तो मेल पुसून टाकला आणि बायकोला दाखवला. मग तो उठला, पडदे बाजूला सारले, दार सताड उघडलं आणि म्हणाला, "या आता, महाराज."